घटपर्णी पिचर धरेना

रोप मरत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. मरायला टेकलेलं रोप कळतं. पानं गळतात, खोड मऊ पडतं, आपणही मनाची तयारी करतो. आमची घटपर्णी हिरवीगार होती, ठरल्यासारखं नवं पान काढत होती, पण पिचर, म्हणजे पानाच्या टोकाला लटकणारे किडे पकडायचे घट, काही धरत नव्हती. नर्सरीतून आणली तेव्हा लटकत होते ते पिचर झाकणाकडून वाळत वाळत खालपर्यंत तपकिरी झाले. नव्या पानाच्या टोकाला तार यायची, तारेच्या शेवटी मोहरीएवढा फुगवटा दिसायचा आणि तिथेच काळा पडून करपायचा. फेब्रुवारीत घेतलेलं रोप. एप्रिल संपेपर्यंत त्यावर एकही धड पिचर उरला नाही.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे. खिडकी पूर्वेची. ग्रिलमध्ये तुळस, गवती चहा, मनीप्लँट अशी नेहमीची मंडळी आहेत, आणि ती माझ्यावर फारशी अवलंबून नाहीत. कीटकभक्षी झाड घरात पहिल्यांदाच आलं, तेही लेकीच्या हट्टापायी. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं तिनं, ते प्रत्यक्षात दिसल्यावर नर्सरीतून पाय निघेना.

कुंडीला चिठ्ठी होती, तिच्यावर नुसतं 'पिचर प्लांट' लिहिलेलं. हे म्हणजे पेशंटच्या केसपेपरवर 'माणूस' लिहिण्यातलं. पानांची ठेवण आणि वाळलेल्या पिचरचा मधेच आवळलेला आकार फोटोंशी ताडून पाहिला, तेव्हा ती व्हेंट्राटा निघाली. फिलिपिन्समधल्या दोन जातींचा हा संकर, आपल्याकडे बाजारात सर्रास हाच मिळतो. भारतात रानात उगवणारी नेपेंथिस, म्हणजे घटपर्णी, एकच, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवरची खासियाना. ती धोक्यात आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत. जात कळल्याचा एक फायदा झाला. व्हेंट्राटा काटक असते, ठाण्याचा उकाडा सोसते, म्हणजे 'इथे गरम फार होतं हो' हे उत्तर बाद झालं. नर्सरीवाल्यानं फोनवर तेवढंच उत्तर दिलं होतं.

बाकी सगळ्यांचं निदान एकच: भूक. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, उपाशी आहे ती. एखादी सोललेली कोळंबी टाक." सासूबाईंना वेगळीच काळजी. "घरात मुंगी आली तर खडू मारायचा आणि झाडाला माशा भरवायच्या, हे कुठलं शास्त्र?" लेकीनं चिमट्यात धरून मेलेलं झुरळ आणलं होतं, पण घालणार कुठे? पिचरच नव्हता.

झाडाला भरवायची कल्पना तशी जुनी आणि खानदानी आहे. 1874 साली जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं नेपेंथिसच्या पिचरमध्ये उकडलेल्या अंड्याचा पांढरा आणि मांसाचे तुकडे घालून ते विरतात हे दाखवलं होतं. पण त्याच्यापाशी पिचर होते! आणि भुकेचं निदान मला पटेना ते एका साध्या कारणानं. झाड अन्न करतं पानात, उन्हावर. किडे लागतात ते नायट्रोजन, फॉस्फरस अशा गोष्टींसाठी, ज्या त्याच्या मूळच्या जमिनीत मिळत नाहीत. पिचर हे त्या मिळवण्याचं साधन. उपाशी कोळी जाळं टाकायचं सोडून देत नाही. हे झाड जाळंच विणत नव्हतं, वर पानं चांगली वीतवीत लांब, गर्द, तुकतुकीत. त्यावरून मला उलटाच संशय यायला लागला: हिला कुठून तरी आयतं मिळतंय.

पण संशयावरून लगेच कुंडी उलटायची नव्हती. आधी जे मोजता येतं ते मोजू म्हटलं.

पाणी मोजता येतं. प्युरिफायरची सर्व्हिसिंग करायला येणाऱ्या मुलाकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर असतो, तसा एक मागवला. स्वस्त असतो आणि घरात आल्यावर दोन दिवस सगळे जण जे दिसेल ते मोजत सुटतात. वरणाचं पाणीसुद्धा मोजून झालं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात निम्मे दिवस टँकर. पालिकेचं पाणी आलं की स्वयंपाकघरातल्या नळाला 90च्या आसपास आकडा, टँकर आला की तोच नळ 430 दाखवायचा. पालिकेचं पाणी भातसा आणि उल्हास नद्यांचं, त्यात क्षार मुळात कमी. टँकर भरतात बोअरवेलवर. आरओच्या पाण्याचा आकडा अगदी खाली जाईल असं वाटलं होतं, तर तो 65. त्या मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, हे तेव्हा कळलं. सगळ्यात कमी निघालं एसीच्या नळीतून टपकणारं पाणी, 14. ते हवेतल्या बाष्पाचंच पाणी, त्यात क्षार येणार कुठून? एसीची सर्व्हिसिंग झाली की पुढचे काही दिवसांचं पाणी मात्र मी फेकून देते, कारण कॉइल धुवायला काय वापरतात ते कोणी सांगत नाही.

कीटकभक्षी झाडं वाढवणारे 50च्या आतलं पाणी वापरा म्हणतात. नेपेंथिस त्यात जरा सोशिक, व्हेंट्राटा आणखी सोशिक. पण 430 तिलाही जड. एकदा घातलेल्या पाण्याचं तसं काही नाही. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात, दर वेळी त्यात भर पडते. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली होती, नखानं खरवडली की भुकटी निघायची.

मग कुंडी मोरीत ठेवून एसीचं पाणी वरून सावकाश ओतलं आणि खालून आलेलं वाटीत धरलं. मीटर 900च्या वर गेला. पुन्हा ओतलं, 600. पुन्हा, पुन्हा. शेवटी 100च्या खाली उतरला तेव्हा सुटलो म्हटलं. पुढच्या आठवड्यात सहज म्हणून परत तपासलं तर 500च्या पुढे. मधल्या काळात 14चं पाणी सोडून थेंब दुसरा घातला नव्हता. नुसता टँकरचा साठलेला क्षार असता तर धुऊन जायला हवा होता. म्हणजे कुंडीच्या आतच काहीतरी होतं जे रोज थोडं थोडं विरघळत होतं.

आता कुंडी उलटायला कारण मिळालं.

बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं. सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या, असले प्रकार त्या चुकवत नाहीत. निघाला तो काळपट, चिखलासारखा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा, त्यात थोडी लाल माती, आणि मधे मधे पिवळट गोल दाणे, साबुदाण्याहून बारीक. एक दाणा नखांत दाबला तर फुटला, आत पातळसर द्रव आणि मागे रिकामं टरफल. हे हळूहळू सुटणारं खत. दाण्यावर आवरण असतं, ओलाव्यानं आतलं खत विरघळतं आणि महिनोन्महिने झिरपत राहतं. गरमी वाढली की झिरपणंही वाढतं, आणि आमच्या ग्रिलमध्ये एप्रिल चालू. नर्सरीत सगळ्या शोभेच्या झाडांना एकच मिश्रण भरतात. जास्वंदीला ते अमृत आहे. पण नेपेंथिसच्या मुळाशी नायट्रोजन भरपूर असेल तर ती पिचर कमी करते आणि पानांवर जोर देते. तिच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. घरपोच डबा चालू असताना स्वयंपाक कोण मांडेल?

हे कळायला फिलिपिन्सला जायची गरज नाही. पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्याजवळच्या कास पठारावर जी 'सीतेची आसवं' बघायला आपण गाड्या भरभरून जातो, तीही कीटकभक्षीच. निळीजांभळी फुलं वर, आणि खाली चिखलात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदूही तिथलाच, पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, तिच्यातलंही सत्त्व पावसानं धुऊन नेलेलं. अशा जागी दुसरं फारसं काही टिकत नाही म्हणून ही टिकली. त्यांना खत घालणं म्हणजे ज्या गरिबीवर त्यांचा सगळा संसार उभा आहे तीच काढून घेणं.

गोळा पाण्याच्या टबात धरून हळूहळू सैल केला आणि मुळं दिसली. काळी. सगळीच्या सगळी काळी, केसासारखी बारीक. सासूबाई म्हणाल्या, "गेली गं. कुजली मुळं." कोणीही तेच म्हणालं असतं. मोगऱ्याचं मूळ काळं दिसलं तर तो कुजलेलाच. पण नेपेंथिसची निरोगी मुळंही काळीच असतात. म्हणून रंगावर जायचं नाही, बोटांनी बघायचं. एकेक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. चांगलं मूळ तारेसारखं ताठ लागतं, त्यावर बारीक लव असते. कुजलेलं बोटांत बुळबुळतं, वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. वरची बहुतेक मुळं ताठ होती. कुंडीच्या तळाशी, जिथे कोकोपीट कायम थबथबलेलं होतं, तिथली गेली होती. ती कात्री स्पिरिटनं पुसून कापली. दाणे चिमट्यानं वेचले. हे काम तांदूळ निवडणाऱ्या बाईलाच जमावं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझ्या दुप्पट काढले.

नवं मिश्रण स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ), परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि नारळाच्या सालीचे तुकडे यांचं. मॉस महाग वाटतो, पण भिजला की फुगून चौपट होतो. परलाइट पाणी मारूनच पिशवीतून काढायचा, त्याची धूळ नाकातोंडात जाते. नारळाच्या सालीत मीठ असतं, तेव्हा तिला बादलीत भिजवून पाणी बदलत राहायचं, मीटरचा आकडा उतरेपर्यंत. कुंडी प्लॅस्टिकची, तळाला भरपूर भोकं. खाली ताटली ठेवून तिच्यात पाणी साठवायचं नाही. पुष्कळ कीटकभक्षी झाडांना पाण्यात पाय बुडवून बसायला आवडतं, नेपेंथिसला नाही. तिला ओलावा हवा आणि मुळाशी हवाही हवी.

त्यानंतरचा काळ सगळ्यात कंटाळवाणा होता, कारण काहीच झालं नाही. पहिलं नवं पान आलं, टोक करपलं. दुसरं आलं, तेही करपलं. नवरा म्हणाला, "एवढा खटाटोप केलास, फरक काय पडला?" प्रश्न रास्त, पण लवकर विचारलेला. आज उलगडणारं पान आज घडत नाही. ते कोंबाच्या आत आधीच घडायला लागलेलं असतं, तेही जुन्या मातीत, जुन्या खतावर. वर मुळं हलवली की नेपेंथिस काही दिवस रुसतेच. म्हणजे मे महिन्यात केलेल्या कामाचा निकाल मे महिन्यातल्या पानावर शोधायचा नसतो. वाळलेल्या पिचरकडे बघून तर काहीच कळत नाही. तो एकदा वाळला की हिरवा होणार नाही, मग पाणी अमृताचं घाला. मी कुंडी बदलल्यानंतर दिसलेल्या पहिल्या कोंबाला लाल दोरा बांधून ठेवला. त्याच्या खालच्या पानांचं काय होतं ते बघायचंच नाही, असं ठरवून टाकलं.

या काळात हात शिवशिवतात. जागा बदलू का, कडुनिंबाचं तेल फवारू का, ऊन वाढवू का? सगळं एकदम केलं असतं तर बरं झालं तरी कशानं ते कळलं नसतं. किडीसाठी पानांच्या पाठी आणि बेचके मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठे करून पाहिले. पिठ्या ढेकूण नव्हता, रस शोषणारा लाल कोळी नव्हता, तेव्हा फवारणी रद्द. ऊन सकाळचं दोन-तीन तास कोवळं मिळत होतं आणि नव्या पानांना तांबूस झाक होती, याचा अर्थ उजेड पुरेसा. अंधारात वाढलेली पानं गर्द हिरवी आणि लुळी पडतात. फक्त समोरच्या रस्त्याच्या कामाची धूळ पानांवर थरानं बसायची, ती ओल्या फडक्यानं पुसत राहिले. हवेचं म्हणाल तर आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ ग्रिलमध्ये टांगलं होतं. एप्रिलच्या दुपारी ते 45 टक्के दाखवायचं, बेडरूममध्ये एसी लावला की 40च्याही खाली. पिचरच्या कळीला हे कोरडं. स्प्रे मारून बघितला, काटा वर जातो आणि चहा उकळेपर्यंत परत खाली येतो, त्यात राम नाही. तिला तुळस आणि गवती चहाच्या मधे गर्दीत सरकवलं, तेवढं पुरलं.

मग जून आला, आणि काटा 80च्या खाली उतरेना.

लाल दोऱ्याच्या वरच्या पानाची तार जुलैत वाकली. आधी ती सरळ खाली लोंबते, मग शेवटचं टोक आकड्यासारखं वर वळतं. या वेळी फुगवटा मोहरीवर थांबला नाही. चपटी, लवदार, मिटलेली पिशवी झाली, वाटाण्याच्या कोवळ्या शेंगेएवढी, आणि मग दोनेक दिवसांत आतून हवा भरावी तशी फुगली. झाकण अजून चिकटलेलं. लेकीनं मागून टॉर्च धरला तेव्हा आतल्या पाण्याची रेघ दिसली. झाकण बंद आणि आत पाणी! पावसाचं नव्हे, झाडाचं स्वतःचं. झाकण उघडल्यावर तोंडाची गोल कड दिसली. आधी फिकट हिरवी, मग दिवसागणिक तांबडी होत गेलेली, उभ्या बारीक रेघांची. ती ओली झाली की मुंगीचा पाय टिकत नाही. तुळशीवरच्या मुंग्यांना वाट सापडायला वेळ लागला नाही, त्यामुळे भरवण्याचा प्रश्न परस्पर सुटला.

पावसानं बरी झाली की खत काढल्यानं, असं नवऱ्यानं विचारलंच. नुसत्या माझ्या कुंडीवरून सांगता आलं नसतं. पण नणंदेनं त्याच दिवशी, त्याच नर्सरीतून, तशीच कुंडी घेतली होती. ती नेरूळला राहते. तिथे मोरबे धरणाचं पाणी, टँकर नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच. ऑगस्टपर्यंत तिच्या रोपाची पानं माझ्यापेक्षा मोठी झाली होती, हातभर. पिचर शून्य. तिच्या कुंडीतून खाली येणारं पाणी मोजलं तर 700. एका रविवारी जाऊन तिची कुंडी उलटली आणि तेच पिवळे दाणे निघाले. दिवाळीच्या सुमारास तिच्या नव्या पानांना पिचर धरायला लागले. टँकरच्या पाण्यानं माझ्या रोपाचं भलं केलं नसणारच, पण मुख्य दोषी मी त्या दाण्यांनाच धरते.

पावसाळ्यात आणखी एक परीक्षा होती. डेंग्यूसाठी पालिकेचे लोक घरोघरी येतात, कूलर, टाकी, कुंड्यांच्या ताटल्या बघतात. आमच्याकडच्या ताईंनी ताटल्या पाहिल्या, कोरड्या. मग बॅटरी पिचरवर आली.

"ह्याच्यात पाणी आहे की हो."

"ते झाडाचंच आहे. त्यात किडे पडून विरघळतात."

"ओतून टाका."

ओतलं की पिचर लवकर वाळतो, हे त्यांना कसं सांगणार? शिवाय त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. रानातल्या नेपेंथिसच्या पिचरमध्ये काही जातींच्या डासांच्या अळ्या मजेत वाढतात, पाचक रस त्यांना बाधत नाही. शेवटी पिचर वाकवून बॅटरीच्या उजेडात दोघींनी मिळून पाहिलं. मुंग्यांचा गाळ होता, अळी नव्हती. ताईंनी वहीत काय लिहिलं ते दिसलं नाही. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी मी तेवढं बघते.

आता नणंदेनं व्हीनस फ्लायट्रॅप आणला आहे आणि फोन येतो, "तुझ्यासारखंच सगळं करू ना?" पाणी आणि खताची बंदी तेवढी तीच. बाकी उलटं. तो अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतला, त्याला ताटलीत पाणी लागतं, ऊन जितकं मिळेल तितकं लागतं, आणि हिवाळ्यात तीनेक महिने खरोखरची थंडी लागते. नेरूळमध्ये ती फ्रिज सोडून कुठेच मिळत नाही. तसं करणारे लोक आहेत. रोप धुऊन, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून भाज्यांच्या कप्प्यात ठेवतात. तिच्या सासूबाईंना हे अजून सांगायचं आहे. डिसेंबरपर्यंत वेळ आहे.